अतिवेगवान रेल्वे येणार म्हटल्यावर गावं अस्वस्थ का होतात?

नव्या रेल्वेमार्गाची जनसुनावणी जिथे कुठे होते, तिथे एक गोष्ट हमखास दिसते. नकाशा टेबलावर पसरलेला असतो. माणूस पुढे येतो, पण रेघ कुठून निघते आणि कुठे पोचते हे तो बघत नाही. आधी नदी शोधतो, मग नदीवरचा पूल, पुलावरून गावाकडे वळणारा रस्ता, आणि त्या रस्त्यावरून बोट सरकवत सरकवत स्वतःचं घर. घर आणि रेघ यांच्यातलं अंतर अंगठा आणि तर्जनीत पकडतो आणि हात तसाच धरून नकाशाच्या कोपऱ्यातल्या मोजपट्टीपाशी नेतो.

त्यानंतरचा त्याचा प्रश्न ठरलेला: ही रेघ जरा पलीकडे घेता येणार नाही का? समोरच्या अभियंत्याचं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं: नाही. दोघंही खरं बोलत असतात. विरोध करणारे सगळे आडमुठे आणि प्रकल्पवाले सगळे दांडगे, अशी वाटणी करून टाकली की पुढचं काहीच समजत नाही. हा विषय जितका वाचत गेलो तितकं मला एक पटत गेलं. भांडण गाडीवरून कमी होतं, लोकांना कधी विचारलं यावरून जास्त होतं. पण तिथे पोचण्याआधी ते 'नाही' कुठून येतं, ते बघायला हवं.

रेघ वाकत का नाही

जपाननं १ ऑक्टोबर १९६४ ला टोकियो ते ओसाका ही पहिली शिंकान्सेन, म्हणजे तिथली अतिवेगवान रेल्वे, सुरू केली. मार्ग ५१५ किलोमीटरचा, वेग ताशी २१० किलोमीटर. त्या मार्गावरच्या वळणांची त्रिज्या साधारण २,५०० मीटर ठेवली होती. आज ताशी ३२० ते ३५० किलोमीटर वेगासाठी मार्ग आखतात, तेव्हा ही त्रिज्या ६ ते ७ किलोमीटरपर्यंत जाते. वळणावर आपल्याला बाहेरच्या बाजूला ढकलणारा जो जोर जाणवतो, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला, तर वळण चौपट मोठं करावं लागतं.

आता एक हिशोब करून बघा. ७ किलोमीटर त्रिज्येच्या वळणांनी रेघ २०० मीटर बाजूला न्यायची आणि गाव ओलांडल्यावर पुन्हा मूळ जागी आणायची, तर नुसत्या भूमितीलाच पाच किलोमीटरच्या आसपास लांबी लागते. गाडी वळणात हळूहळू शिरावी म्हणून दोन्ही टोकांना जे सौम्य वळण ठेवतात, ते धरलं तर आणखी जास्त. म्हणजे तुमच्या घरासाठी सरकवलेली रेघ त्या पट्ट्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घराच्या जवळ जाते. काल एकाच मोर्चात चाललेली दोन गावं आज एकमेकांविरुद्ध निवेदनं देतात, ती यामुळे. यात कुणाची नियत खोटी नसते.

वर-खाली जाणं मात्र या गाड्यांना तितकं जड जात नाही. पॅरिस ते लियाँ या १९८१ मध्ये सुरू झालेल्या मार्गावर १०० मीटरला साडेतीन मीटर इतके चढ आहेत, आणि तेवढा चढ साध्या रेल्वेमार्गावर सहसा ठेवत नाहीत. खऱ्या वाटाघाटीला जागा असते ती इथे: रूळ भरावावरून न्यायचे, पुलावरून, जमीन खोदून खालून, की बोगद्यातून? 'रेघ हलवा' या मागणीपेक्षा 'रेघ खाली घ्या' ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते. इंग्लंडमध्ये लंडन ते बर्मिंगहॅम या मार्गावर चिल्टर्न टेकड्यांखालचा बोगदा लोकांच्या तक्रारी ऐकल्यानंतर संसदेच्या समितीनं २.६ किलोमीटरनं वाढवायला लावला. आज तो एकूण १६ किलोमीटरचा आहे.

आवाजाची सरासरी

गाडीचा आवाज मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो: चाक आणि रूळ यांच्यातून, आणि कापल्या जाणाऱ्या हवेतून. वेग वाढला की पहिला आवाज वाढतो, पण दुसरा त्याच्या कितीतरी पटीनं वाढतो. ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे हवेचा आवाज वरचढ व्हायला लागतो. रुळांच्या कडेला उभारलेली भिंत चाकांचा आवाज अडवते. गाडीच्या टपावरचा, वरच्या तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफचा आवाज मात्र त्या भिंतीच्या डोक्यावरून पलीकडे जातो.

खरा वाद असतो तो हा आवाज मोजायचा कसा, यावर. ४०० मीटर लांबीची गाडी ताशी ३०० किलोमीटर वेगानं तुमच्यासमोरून जेमतेम ५ सेकंदांत निघून जाते. त्या ५ सेकंदांचा आवाज अख्ख्या तासावर पसरवला की अहवालातला आकडा अगदी माफक दिसतो. पण तान्ह्या बाळाला मांडीवर झोपवत बसलेल्या बाईला सरासरी ऐकू येत नाही. बाळाचा डोळा लागतो, गाडी जाते, बाळ दचकतं, ती पुन्हा थोपटायला लागते, तोवर पुढची गाडी.

जपानमध्ये नागोया शहराच्या दाट वस्तीतून शिंकान्सेन पुलावरून जाते. दहा वर्षं सोसल्यावर १९७४ मध्ये साधारण ७ किलोमीटरच्या पट्ट्यातले ५७५ रहिवासी कोर्टात गेले. पुढच्याच वर्षी सरकारनं शिंकान्सेनच्या आवाजाची पातळी ठरवली: निवासी भागात ७० डेसिबल, व्यापारी आणि औद्योगिक भागात ७५. मोजायची पद्धत त्याहून महत्त्वाची होती. लागोपाठच्या २० गाड्यांचा कमाल आवाज मोजायचा, आणि त्यांतल्या जास्त आवाजाच्या निम्म्या गाड्यांवरून आकडा काढायचा. शांत तासांत दणका बुडवून टाकायची सोय त्यात राहिली नाही. कोर्टानं १९८० मध्ये भरपाई दिली, गाड्यांचा वेग कमी करायला मात्र नकार दिला, आणि अखेर तडजोड झाली ती १९८६ मध्ये. १२ वर्षं. तेव्हा लहान असलेली मुलं त्या घरांतून मोठी होऊन बाहेर पडली असतील.

जमीन किती गेली आणि किती कापली गेली

मोबदला ठरतो तो गेलेल्या जमिनीचा. नुकसान मात्र राहिलेल्या जमिनीचंही होतं. चौकोनी शेतातून तिरकी रेघ गेली की दोन त्रिकोण उरतात. त्रिकोणाच्या निमुळत्या टोकात यंत्र वळत नाही. पाण्याचा पाइप एका बाजूला, पीक दुसऱ्या बाजूला. शेताच्या पलीकडच्या तुकड्यावर जायचं तर भुयारी रस्ता कुठे ठेवलाय तिथपर्यंत वळसा. कॅलिफोर्नियात २००८ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी अतिवेगवान रेल्वेसाठी कर्जरोखे काढायला बहुमतानं होकार दिला. नंतर मधल्या खोऱ्यातले शेतकरी विरोधात उभे राहिले, त्याचं एक मोठं कारण हे तिरकं कापलं जाणं होतं. आख्ख्या राज्यानं होकार दिला होता, पण कापली जाणार होती ती त्यांची शेतं. मार्ग पुलावरून नेला तर खालून ये-जा चालू राहते. खर्च वाढतो, पण शेत एकसंध राहतं.

आणखी एक गट असतो, त्याच्या नावावर काहीच नसतं. भाडेकरू, कसणारे, मजूर, रस्त्याकडेला दुकान मांडून बसलेले. नोटीस मालकाला जाते, चेक मालकाला जातो. मालक गाव सोडून दुसरीकडे घर बांधतो, आणि ज्यांचं पोट त्या जमिनीवर होतं ते कुठल्याच यादीत नसतात. प्रकल्पाच्या कागदांत सगळ्यात आधी मी हे शोधतो: बाधित कोणाला म्हटलंय, मालकाला की तिथे राहणाऱ्याला?

डोंगरातलं पाणी

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण लोकांची भीती 'अवैज्ञानिक' म्हणून उडवून लावण्याची घाई इथे सगळ्यात जास्त होते.

डोंगराच्या पोटात पाणी असतं. खडकाच्या भेगांतून झिरपत ते झऱ्यांना, विहिरींना, नद्यांना मिळतं. बोगदा खणला की त्या भेगा उघड्या पडतात आणि पाणी बोगद्याच्या वाटेनं निघून जातं. जपानच्या शिझुओका प्रांतात तान्ना नावाचं एक खोरं आहे. १९१८ मध्ये त्याच्याखालून रेल्वेचा ७.८ किलोमीटरचा बोगदा खणायला घेतला. सात वर्षांत व्हायचं काम सोळा वर्षं चाललं, ६७ कामगार दगावले, आणि १९३४ मध्ये गाडी सुरू झाली तेव्हा वरच्या खोऱ्यातले झरे आटले होते. स्वच्छ वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या वासाबी या तिखट जपानी वनस्पतीच्या वाफ्यांचं पाणी गेलं, भातखाचरं कोरडी पडली. भरपाई मिळाली, पण पाणी परत आलं नाही. लोक हळूहळू दुधाच्या धंद्याकडे वळले.

आता पुढचं बघा. टोकियो ते नागोया अशी चुंबकीय रेल्वे बांधायचं काम जपानमध्ये चालू आहे. २८६ किलोमीटरचा मार्ग, त्यातला बहुतांश बोगद्यांत. यातले जेमतेम १०.७ किलोमीटर शिझुओका प्रांताच्या उत्तर टोकाखालून जातात, आणि त्या प्रांतात एकही स्थानक नाही. तो टापू म्हणजे ओई नदीचं उगमाकडचं क्षेत्र. खाली सहा लाखांच्या आसपास लोक या नदीच्या पाण्यावर अवलंबून, शिवाय चहाचे मळे. काही उपाय केला नाही तर नदीचा प्रवाह सेकंदाला २ घनमीटरपर्यंत घटू शकतो, असा अंदाज खुद्द रेल्वे कंपनीनंच २०१३ मध्ये मांडला होता. कंपनीनं पाणी नदीत परत सोडायचं कबूल केलं. मग प्रश्न आला, खोदाई चालू असताना डोंगराच्या पलीकडच्या उतारावर वाहून जाणाऱ्या पाण्याचं काय? तत्कालीन गव्हर्नर हेइता कावाकात्सू यांनी परवानगी अडवून धरली. २०२७ मध्ये गाडी सुरू करणं शक्य नाही, हे कंपनीनं मार्च २०२४ मध्ये जाहीर केलं.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, एका प्रांतानं देशाचा प्रकल्प अडकवला. पण तान्ना त्याच प्रांतात आहे. ओई नदीवर वीजनिर्मितीसाठी धरणं झाली आणि काही ठिकाणी पात्रं कोरडी पडली, तेव्हा १९८० च्या दशकात 'आमचं पाणी परत द्या' अशी चळवळ याच नदीकाठी झाली होती. 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे वाक्य ज्या गावानं आधी ऐकलंय, त्याला ते दुसऱ्यांदा ऐकवून भागत नाही.

गाडी हवी, पण थांबायला हवी

सगळेच विरोध करतात असंही नाही. कितीतरी गावांचा राग उलटा असतो: मार्ग आमच्याकडून का नेला नाही? फ्रान्समध्ये पॅरिसहून उत्तरेकडे, इंग्लंडच्या समुद्राखालच्या बोगद्याकडे जाणारा मार्ग ठरत होता. लिल शहरानं जोर लावला आणि स्थानक थेट शहरात मिळवलं. आमियाँ शहर मागणी करत राहिलं, पण मार्ग त्याला वगळून गेला. त्याच्या वाट्याला शहरापासून लांब, शेतांच्या मधोमध एक स्थानक आलं. तिथले लोक त्याला 'बीटाचं स्थानक' म्हणतात, कारण आजूबाजूला बीटाची शेती.

एका थांब्यासाठी ब्रेक लावणं, थांबणं आणि पुन्हा वेग पकडणं यात गाडीची काही मिनिटं जातात. म्हणून प्रत्येक गावाला थांबा दिला तर गाडी अतिवेगवान राहत नाही. दुसरीकडे, थांबा मिळाला तर गाव बदलतं. स्पेनमध्ये १९९२ मध्ये माद्रिद ते सेव्हिया गाडी सुरू झाली आणि मधल्या सिउदाद रेआल या मध्यम शहरातून रोज माद्रिदला कामाला जाणं लोकांना शक्य झालं. ज्या गावाच्या डोक्यावरून गाडी नुसती जाणार आहे, त्याच्या वाट्याला आवाज येतो, धूळ येते, जमीन जाते. त्याचा विरोध हा हिशोबाचा विरोध असतो.

या बैठकांना एक माणूस कधीच येत नाही: दहा वर्षांनी त्या गाडीत बसणारा प्रवासी. विमान किंवा मोटार सोडून तो रेल्वेनं जाईल, त्याचा वेळ वाचेल, हवेतला धूर कमी होईल. त्याची बाजू खरी आहे. पण तो सगळीकडे थोडाथोडा विखुरलेला असतो, आणि नुकसान मात्र एका अरुंद पट्ट्यात साचलेलं असतं.

विचारलं, पण कधी?

सुरुवातीला नकाशावर रेघ नसते, काही किलोमीटर रुंद पट्टा असतो. त्याला अ, ब, क अशी नावं असतात. याच वेळी सगळं काही बदलता येतं, अगदी 'हा मार्ग हवाच का' इथपर्यंत. पण पट्टा इतका ढोबळ असतो की त्यात कुणालाच आपलं घर दिसत नाही. सभेला कोणी येत नाही. पुढे पट्ट्याची रेघ होते, रेघेचे खुंट होतात, खुंट शेतात येतात. तेव्हा सभागृहात उभं राहायला जागा नसते, पण ठरवण्यासारखं फारसं उरलेलंही नसतं. मोकळेपणानं बोलता येतं तेव्हा लोकांना माहीत नसतं, आणि माहीत होतं तेव्हा उशीर झालेला असतो. मला सगळ्या भांडणाचं मूळ इथे दिसतं.

इंग्लंडचंच बघा. तिथे ज्याचं घर-जमीन बाधित होते, त्याला २० पौंड भरून थेट संसदेच्या समितीपुढे म्हणणं मांडता येतं. लंडन–बर्मिंगहॅम मार्गावर अडीच हजारांवर अर्ज आले आणि समितीनं २०१४ ते २०१६ या काळात बसून लोकांचं ऐकलं. व्यवस्था चांगली आहे, बोगद्याची लांबी त्यातूनच वाढली. पण अट अशी की मार्ग हवा की नको हे संसदेनं आधीच ठरवलेलं, समितीपुढे फक्त तपशील. आणि मग ऑक्टोबर २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बर्मिंगहॅमच्या पुढचा, मँचेस्टरकडचा भागच रद्द केला. त्या पट्ट्यातली घरं-जमिनी त्याआधीच विकत घेतल्या जात होत्या. वर्षानुवर्षं घराला गिऱ्हाईक नाही, दुरुस्तीवर पैसे घालावेत की नाही कळत नाही, अशा अधांतरी अवस्थेत जगून शेवटी लोक घर सोडून गेले, आणि गाडी येणारच नाही असं ठरलं.

जर्मनीत श्टुटगार्टचं मुख्य स्थानक जमिनीखाली नेण्याचा आणि त्याला नवा वेगवान मार्ग जोडण्याचा प्रकल्प होता. ३० सप्टेंबर २०१० ला बागेतली झाडं तोडण्याआधी पोलिसांनी आंदोलकांवर पाण्याचा मारा केला, शंभरावर लोक जखमी झाले. त्यानंतर ज्येष्ठ नेते हाइनर गाइसलर यांच्या मध्यस्थीनं दोन्ही बाजूंची चर्चा झाली, तीही दूरदर्शनवरून थेट. लोकांनी ती तासन्‌तास पाहिली. पुढच्या वर्षी सार्वमत झालं, त्यात ५९ टक्क्यांच्या आसपास मतं प्रकल्प चालू ठेवण्याच्या बाजूनं पडली. हीच चर्चा पाडकाम सुरू होण्याआधी झाली असती तर? तिथे वरातीमागून घोडं आलं.

आपल्याकडच्या मुंबई–अहमदाबाद मार्गाची पायाभरणी १४ सप्टेंबर २०१७ ला झाली: ५०८ किलोमीटर, १२ स्थानकं. जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचा अभ्यास करा, असं २०१३ चा भूसंपादन कायदा सांगतो. गुजरातनं २०१६ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकल्पांना त्यातून सूट द्यायची वाट ठेवली, आणि शेतकरी हायकोर्टात गेले त्यात हाही मुद्दा होता. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. पालघरमध्ये आदिवासी गावांच्या ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोजणी अडवली. मात्र खारफुटीबाबत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सुरुवातीला ५३ हजारांहून जास्त झाडं जाणार होती. आखणीत बदल केल्यावर आकडा २२ हजारांच्या आसपास आला, आणि तेवढ्यालाच मुंबई हायकोर्टानं डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. म्हणजे आखणी बदलत नाही असं नाही. जोर लागला की बदलते.

फ्रान्सनं यातून घेतलेला धडा मला सगळ्यात कामाचा वाटतो. भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या मार्गाविरुद्ध १९९० मध्ये प्रोव्हान्स भागात मोठं आंदोलन पेटलं, लोक रुळांवर उतरले. त्यानंतर डिसेंबर १९९२ मध्ये मंत्री झाँ-लुई बियांको यांनी परिपत्रक काढलं: कुठून न्यायचा याच्या आधी, का हवा यावर जाहीर चर्चा करा. १९९५ च्या कायद्यानं त्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोग आला. हा आयोग प्रकल्पाच्या बाजूनं किंवा विरोधात मत देत नाही. चर्चा नीट होते आहे का बघतो आणि काय बोललं गेलं ते लिहून ठेवतो. यानं सगळे खूश होत नाहीत, जमीन शेवटी कुणाची तरी जातेच. पण 'का' हा प्रश्न निदान विचारता येतो.

तुमच्या भागात असा पट्टा जाहीर झाला असेल, तर तो ढोबळ असतानाच सभेला जा, आणि 'रेघ हलवा' म्हणण्याआधी विचारा: कोणते पर्याय तपासले आणि का सोडले? आवाज सरासरीनं मोजलाय की एकेका गाडीचा? डोंगरातलं पाणी आत्ता किती आहे, हे कोणी मोजून ठेवलंय का? काम सुरू झाल्यावर विहीर आटली तर ती बोगद्यानंच आटली हे दाखवायची वेळ बहुधा विहिरीच्या मालकावरच येते, आणि आधीचा आकडा नसेल तर त्याच्या हातात काहीच नसतं. म्हणून एक वही घ्या. महिन्यातली एक तारीख ठरवा, दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा, काठापासून पाण्यापर्यंत किती हात दोरी गेली ते लिहा. शेजाऱ्याला सही करायला सांगा. भिंतीला आधीच्या भेगा असतील तर त्यांचे तारखेसकट फोटो काढून त्याच वहीत चिकटवा. निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा त्यात येऊ द्या, आणि पुढच्या सुनावणीला जाताना ती वही बरोबर न्या.